‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आणि हातापायांच्या मुंग्या



गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, म्हणून आज लोणची-मुरांबे बाजूला ठेवून त्याबद्दलच लिहिते. पहिल्या पत्रातल्या अकोल्याच्या ताईंच्या पुतणीला, वय वर्षं २७, मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार निघाला. रक्त तपासलं तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व अवघं ९ भरलं. ते भरून काढलं की आजार जाईल ना, असं ताई विचारतात. तोवर पोरीला रोज भर दुपारी गच्चीवर उन्हात बसवतात. दुसरीचा स्वतःचाच आकडा ११ आहे, आणि मोबाइलवर फिरत आलेला कसलासा मजकूर वाचून तिची झोप उडाली आहे. आपल्यालाही तोच आजार होणार का, हा तिचा प्रश्न. तिसऱ्या बाई काही विचारत नाहीत, सांगतात. गेले सहा महिने दर रविवारी त्या ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी दुधातून स्वतः घेतात, यजमानांना देतात आणि सासूबाईंनाही देतात. खबरदारी म्हणून!

या तिसऱ्या बाईंना आधी उत्तर देते, बाकीच्यांनी जरा दम धरावा. बाई, पुडी या रविवारपासून बंद. घरच्या डॉक्टरांकडे जा, किती महिने घेतलीत ते लपवू नका आणि तिघांच्याही रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या, सासूबाईंचं तर नक्कीच. का, ते पुढे येईलच.

मी काही डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेली, घर सांभाळून दुपारच्या शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवणारी बाई. पण या आजाराची निम्मी कथा भूगोलाचीच आहे, तेव्हा तेवढा अधिकार मला द्यायला हरकत नाही.

आधी आजार काय ते पाहू. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं ना, तसंच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. त्यामुळे निरोप वेगानं जातात. या आजारात आपलीच रोगप्रतिकारशक्ती वाट चुकते आणि हे वेष्टन कुरतडू लागते. जिथे कुरतडलं जातं तिथे कठीण चट्टे पडतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली या चट्ट्यांची आणि लक्षणांची सांगड घालून हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला. चट्टा डोळ्याच्या तंतूवर पडला तर एका डोळ्याला धूसर दिसतं, मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतो, कमरेला किंवा छातीला पट्टा आवळल्यासारखं वाटतं, मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखं होतं. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीनं जास्त. म्हणजे नेमक्या आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच संसारी बायका.

आता नकाशा समोर घ्या. विषुववृत्ताजवळ हा आजार कमी, आणि जसजसं ध्रुवांकडे जावं तसतसा जास्त. स्कॉटलंडच्या उत्तरेला ५९ अक्षांशावर ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाख वस्तीमागे ४०२ रुग्ण निघाले. आपल्याकडे झालेल्या पाहण्यांत हाच आकडा लाखामागे दहाच्या आतबाहेर आहे. ऑर्कनीत हिवाळ्यात सूर्य उगवतो न उगवतो तोच मावळतो, आणि आपल्या त्वचेखाली ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. तेव्हा गोल्डबर्ग नावाच्या संशोधकानं १९७४ साली हा नकाशा उन्हाशी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाशी जोडला, यात नवल नाही.

पण नकाशा वाचणं सोपं नसतं, हे मी मुलांना नेहमी सांगते. नॉर्वेचंच उदाहरण घ्या. १९५२ मध्ये स्वँक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की तिथल्या डोंगराळ, शेतीच्या भागात हा आजार जास्त आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीत कमी. स्वँकसाहेब म्हणाले, डोंगरातले लोक लोणी-दूध फार खातात, दोष त्या चरबीचा. त्यावर त्यांनी कमी चरबीच्या आहाराचा आयुष्यभर प्रचार केला. पुढच्या लोकांनी तोच नकाशा घेतला आणि म्हटलं, अहो, किनाऱ्यावरचे लोक मासे आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात, त्यात ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर, म्हणून ते वाचतात! नकाशा एक आणि अर्थ दोन. म्हणून नुसत्या नकाशावर विसंबून चालत नाही, माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवावी लागते.

तशा नोंदी झाल्या आहेत. अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत, २००४ साली, असं दिसलं की गोळ्यांतून रोज ४०० युनिट किंवा जास्त ‘ड’ घेणाऱ्यांत हा आजार सुमारे ४० टक्के कमी होता. २००६ मध्ये अमेरिकन सैन्यदलाच्या साठवून ठेवलेल्या रक्तावरून कळलं की आजार सुरू होण्याच्या आधीच ज्यांचं ‘ड’ चांगलं होतं त्यांना तो कमी झाला. मात्र हे स्पष्टपणे दिसलं ते गोऱ्या सैनिकांतच. २०१५ मध्ये, जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे ‘ड’ कमी राहतं त्यांच्यात धोका जास्त असल्याचं आढळलं. तेव्हा नातं आहे, हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या पत्रातल्या मैत्रिणीनं मात्र पुढचं नीट वाचावं. आपल्या शहरांत तपासायला बसलं तर निम्म्याहून अधिक माणसांचं ‘ड’ कमी निघतं. मग लाखामागे रुग्ण दहाच्या आसपासच का? नुसत्या कमतरतेनं हा आजार होत असता तर आपल्या प्रत्येक सोसायटीत पाच-दहा रुग्ण असते. उलट मुंबईचे प्रसिद्ध मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळला. शहर तेच, ऊन तेच! म्हणजे वंशपरंपरेचाही वाटा आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये असं दिसलं की भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्यांत हा आजार कमी, पण तिकडे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो तिथल्या लोकांइतका वाढलेला. आपल्यापैकी कित्येकींची नातवंडं-भाचरं आज तिकडे वाढताहेत, त्यांच्या आयांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, पण घाबरून नव्हे. थंड देशातल्या मुलांना हिवाळ्यात तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं ‘ड’चे थेंब किंवा गोळी देणं ही तिथली साधी रीतच आहे.

शिवाय २०२२ मध्ये आणखी एक मोठा धागा हाती आला. एक कोटीहून अधिक अमेरिकन सैनिकांच्या नोंदींवरून दिसलं की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यानंतर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. आता हा विषाणू जगातल्या जवळजवळ सगळ्याच मोठ्या माणसांच्या अंगात कधी ना कधी शिरलेला असतो, म्हणजे तोही एकटा गुन्हेगार नाही. अनुवंश, विषाणू, ऊन, धूम्रपान असे सगळे मिळून हा घाट घालतात. तेव्हा ११ या आकड्यानं झोप घालवू नका. डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध घ्या, ते हाडांसाठी हवंच आहे.

आता अकोल्याच्या ताईंचा प्रश्न, आणि तोच सगळ्यांत अवघड. ‘कमी असल्यानं धोका वाढतो’ म्हणजे ‘भरल्यानं आजार बरा होतो’ असं नव्हे. छपराला भोक असल्यानं भिंतीत ओल आली, तर नंतर भोक बुजवून भिंत आपोआप कोरडी होत नाही. तरी डॉक्टरांनी करून पाहिलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात नेहमीच्या औषधाच्या जोडीला काहींना रोज ५,००० आणि काहींना ६०० युनिटं दिली. आजाराच्या झटक्यांत फरक पडला नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रयोगात पहिला झटका येऊन गेलेल्यांना रोज १०,००० पर्यंत दिली, तरी नाहीच. मग २०२५ मध्ये फ्रान्समधून जरा चांगली बातमी आली. आजाराच्या अगदी सुरुवातीला, दर पंधरवड्याला एक लाख युनिटं दोन वर्षं दिली, तेव्हा आजाराची नवी हालचाल दिसली ती शंभरातल्या ६० जणांत, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७४ जणांत. फरक आहे, खोटं कशाला बोला! पण ते ६० विसरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली इतकं भरपूर ‘ड’ घेऊनही त्यांचा आजार चालूच होता.

आणि याउलट या आजारावर खरी औषधं आहेत. पहिलं, इंटरफेरॉनचं इंजेक्शन, अमेरिकेत १९९३ साली आलं. त्यानंतर गोळ्या आल्या, सलाइनमधून देण्याची औषधं आली. आज डॉक्टरांपुढे निवडीला पुष्कळ औषधं आहेत. ती झटके कमी करतात, नवे चट्टे रोखतात. पण गेलेलं वेष्टन पुरतं परत आणत नाहीत, म्हणून लवकर सुरू करण्याला महत्त्व. माझी खरी काळजी इथेच आहे.

का ते सांगते. या आजाराचा झटका बहुतेकींच्या बाबतीत आपोआप ओसरतो. डोळा धूसर होतो, दोन-तीन आठवडे तसाच राहतो आणि हळूहळू सुधारतो. आपल्याकडे काय होतं? बाईला मुंग्या आल्या, थकवा आला, की घरात आधी म्हणतात अशक्तपणा. मग ‘ड’ तपासतात, ते कमी निघतंच, कारण ते सगळ्यांचंच कमी असतं. आठ आठवड्यांच्या आठ पुड्या मिळतात. तोवर झटका आपल्या गतीनं ओसरतो, आणि श्रेय जातं पुडीला! वर्षभरानं दुसरा झटका येतो, पुन्हा पुड्या. अशी दोन-तीन वर्षं हातची जातात. चूक पुडी देण्यात नाही, कमतरता भरायलाच हवी. चूक तिथेच थांबण्यात आहे.

हे केवळ आपल्याच घरांत घडतं असंही नाही. इंग्लंडची जगप्रसिद्ध चेलोवादक जॅकलिन दु प्रे हिच्या बोटांची संवेदना जाऊ लागली, तेव्हा सुरुवातीला तेही मनाच्या ताणावर ढकललं गेलं. १९७३ साली, अवघ्या २८ व्या वर्षी निदान झालं. तोवर तिचं वाजवणं संपलं होतं. १९८७ मध्ये ती गेली, तेव्हा ४२ वर्षांची होती. एवढी नामवंत बाई, तिची ही गत. आणि तेव्हा तर औषधंही नव्हती.

लगेच प्रत्येक मुंगीला घाबरू नका हं! मांडी घालून बसल्यावर पायाला येणारी मुंगी उठून दोन पावलं चाललं की जाते. तिला आपण मोजत नाही. रात्री हाताला येणाऱ्या मुंग्या बहुधा मनगटात दबलेल्या शिरेमुळे असतात, पोळ्या लाटणाऱ्या आणि कपडे पिळणाऱ्या बायकांना तर फारच. दोन्ही पायांना येत असतील तर मधुमेह आणि ‘बी-१२’ आधी बघा. आपल्यातल्या शाकाहारी घरांत ‘बी-१२’ची कमतरता इतकी आहे की मी तर म्हणेन, ‘ड’च्या आधी ते तपासा. पण जी तक्रार २४ तासांहून जास्त सलग टिकते, एका डोळ्याला दिसणं कमी होतं आणि डोळा फिरवताना दुखतं, एका बाजूचा हात-पाय बधिर किंवा दुबळा होतो, एकाची दोन दिसू लागतात, लघवीवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो, तिथे पुडीनं भागवू नका. तक्रार ओसरली असली तरीही मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ते एम.आर.आय. करतील, कदाचित पाठीतलं पाणी तपासतील. यासारखाच दिसणारा पण वेगळा असा एक आजार आहे, त्याची औषधं वेगळी, म्हणून रक्ताचीही खास तपासणी सांगतील. ‘आता बरं वाटतंय, कशाला खर्च’ असं घरचे म्हणतील. म्हणू देत.

आता पुडीचा हिशेब. मोठ्या माणसाची रोजची गरज आपल्या आय.सी.एम.आर.नं २०२० साली ६०० युनिट धरली आहे. आठवड्याची ६०,०००ची पुडी म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांवर! कमतरता भरून काढण्यापुरती काही आठवडे ती ठीक, कायमची नव्हे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात. ‘ड’ तसं नाही, ते चरबीत साठून राहतं. फार झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी सुरू होते, मूतखडे होतात, मूत्रपिंडं बिघडतात. म्हाताऱ्या माणसांत ही लक्षणं वयावर खपून जातात, म्हणून सासूबाईंचं नाव मी मुद्दाम घेतलं. या आजाराच्या रुग्णांना रोज हजारोंनी युनिटं देऊन बरं करण्याचे दावेही फिरतात. त्या वाटेला जाऊ नका.

रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. परदेशातल्या बहिणीचा ५० आला म्हणून हळहळू नका, तिकडे पुष्कळ ठिकाणी माप वेगळं आहे. तिचे ५० म्हणजे आपले २०.

उन्हाबद्दल आपली समजूत सकाळच्या कोवळ्या उन्हाची. कोवळं ऊन अंगाला सुखाचं खरं, पण ‘ड’ बनवणारे किरण त्यात फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ, म्हणजे साधारण अकरा ते दोन, त्या कामाची. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालणाऱ्या आपल्या आज्यांना ते आपसूक मिळत होतं. आपली सावळी कातडी, तिला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. हात-चेहरा उघडा ठेवून वीस-तीस मिनिटं आठवड्यातून काही वेळा मिळाली तर बरं. बंद काचेआडचं ऊन मात्र उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. खाण्यात बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांत ते असतं. शाकाहारी घरांनी दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर निळ्या रंगातली ‘+एफ’ खूण बघून घ्यावी, त्यात ‘अ’ आणि ‘ड’ मिसळलेलं असतं.

अकोल्याच्या ताई, हे सगळं निरोगी माणसांसाठी. पुतणीला दुपारी गच्चीवर बसवणं आधी थांबवा. या आजारात अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. ऊथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे टिपलं होतं. उन्हात बसून तिला धूसर दिसलं असेल तर त्याचं कारण बहुधा हेच, आणि गारव्यात आल्यावर ते निवळतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात तिला ‘ड’ गोळीतूनच द्या, डॉक्टर ठरवतील त्या मात्रेत आणि त्यांच्या मुख्य औषधाच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नव्हे. आंघोळीला कढत पाणी नको. स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा, मानेवर ओला पंचा ठेवावा, कूलर तिच्या खोलीत असावा. ताप आला तर लगेच उतरवावा.

तिच्या लग्नाचं काय, असं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलं आहे. लग्नाला आडकाठी नाही, मात्र लपवून करू नका. मूलही होऊ शकतं. १९९८ मध्ये युरोपातल्या गरोदर रुग्णांच्या पाहणीत दिसलं की गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. काही औषधं दिवस राहण्याआधीच बदलावी लागतात, म्हणून डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावं आणि बाळंतपणानंतर हाताखाली माणूस ठेवावं. आईचा आजार मुलाला येण्याचं प्रमाण युरोपातल्या आकड्यांप्रमाणे शंभरात दोन-तीन आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून रुग्णांसाठी काम करते, तिच्या मुंबई-पुणे शाखांना विचारलं तर समदुःखी मैत्रिणी भेटतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत या आजाराचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी जुने कागद लागतात, तेव्हा एम.आर.आय.च्या फिल्म आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेवार लावा. आणि एक शंभर पानी वही करा. कोणत्या तारखेला काय झालं, किती दिवस टिकलं, कोणतं औषध चालू होतं, हे त्यात तिनं स्वतः लिहावं. डॉक्टरांना ती वही रक्ताच्या रिपोर्टापेक्षा जास्त उपयोगी पडते.